भाग जात नाही, की आपल्याला सापडला नाही?



पाचवीत मूळ आणि संयुक्त संख्या शिकवताना एक उत्तर हमखास येते. "बाई, ९१ मूळ संख्या आहे." का रे? "२, ३, ५ ने भाग जात नाही ना!" मग आपण ७ × १३ = ९१ असं सांगतो आणि पुढे जातो. मीही अनेक वर्षं तेच केलं. पण इथे मुलाचा पाढा चुकलेला नसतो. 'मला भाग सापडला नाही' आणि 'भाग जातच नाही' या दोन गोष्टी त्याला एकच वाटतात.

हा फरक दाखवायला फळ्यावर एक खेळ घ्या. काही वेळा २ घेऊन त्यांचा गुणाकार करायचा आणि उत्तरातून १ वजा करायचा. २ दोन वेळा घेतला तर ३, तीन वेळा ७, पाच वेळा ३१, सात वेळा १२७. सगळ्या मूळ संख्या! मुलांना वाटतं, नियम सापडला. आता ११ वेळा घ्या : २०४८ − १ = २०४७. २ पासून १९ पर्यंत एकाही मूळ संख्येने भाग जात नाही. पण २३ × ८९ = २०४७. नियम मोडला!

अशीच फसगत मोठ्यांचीही झाली. फ्रान्समधील धर्मगुरू मारँ मेर्सेन यांनी १६४४ मध्ये अशा मूळ संख्यांची यादी दिली. त्यात २ सदुसष्ट वेळा घेऊन येणारी ही एकवीस अंकी संख्याही होती :

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७

शेवटचा अंक ७, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज १०९, म्हणून ३ बाद. ११ ची कसोटी लावली तर फरक १७, म्हणून तोही बाद. आपल्या कसोट्या इथेच संपतात.

१८७६ मध्ये एदुआर ल्युका यांनी अवयव न शोधताच सिद्ध केलं की ही संख्या संयुक्त आहे. आढीत एक आंबा सडलाय हे वासावरून कळतं, पण कोणता ते हात घालूनच शोधावं लागतं, तसंच हे. तो शोध लागला १९०३ मध्ये. न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल यांनी अवयव मांडले :

१९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७

सांगतात की कोल एक शब्दही न बोलता फळ्यावर गुणाकार करून जागेवर बसले आणि सभेने टाळ्या वाजवल्या. यासाठी तीन वर्षांचे रविवार लागले, असंही सांगतात.

अंदाजाने शोधून हे जमलं नसतं. या संख्येचा अवयव १३४ च्या पटीत १ मिळवूनच येतो (६७ ची दुप्पट १३४). कोल यांचा लहान अवयव १३४ ची १४,४५,५८० पट अधिक १ आहे. २०४७ लाही हेच लागू पडतं : ११ ची दुप्पट २२, म्हणून २२ + १ = २३ आणि ८८ + १ = ८९. हे मुलांना स्वतः पडताळता येतं.

आणखी एक पडताळा द्या. दोन्ही अवयवांच्या अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करा. दोन्हींची १ येते. मूळ एकवीस अंकी संख्येचीही १ च येते. जुळलं! पण जुळलं म्हणून गुणाकार बरोबरच आहे असं सिद्ध होत नाही, हेही सांगा. न जुळता तर मात्र चूक नक्की होती.

आता मूल म्हणालं, "ही मूळ संख्या आहे," तर मी लगेच बरोबर-चूक सांगत नाही. विचारते, "कुठपर्यंत तपासलंस?" ९१ साठी २, ३, ५, ७ तपासले की पुरे, कारण १० × १० म्हणजे १००, ९१ च्या पुढे. २०४७ साठी ४३ पर्यंतच्या मूळ संख्या पुरतात. कुठे थांबायचं आणि का, हे मुलाला सांगता आलं, की उत्तर त्याचं स्वतःचं होतं.

पालकहो, आज घरी १४३ देऊन बघा. उत्तर मात्र लगेच सांगू नका!