‘मुस्कटदाबी’ ते ‘परिनिरीक्षण’ : बातमी दडपण्याचे शब्द

दौंड तालुक्यातील पाटससारख्या गावात, पुणे-सोलापूर महामार्गालगतच्या एखाद्या चहाच्या टपरीवर सकाळचे वर्तमानपत्र उलगडले जाते. आदल्या दिवशी गावात गाजलेली गोष्ट त्यात सापडली नाही, की दोन वाक्यांपैकी एक कानी पडते : ‘बातमी लागली नाही’ किंवा ‘बातमी दाबली’. पहिल्या वाक्यात कर्ता नाहीच. दुसऱ्यात तो आहे, पण त्याचे नाव घेतलेले नाही. बातमी रोखण्याच्या कृतीसाठी मराठीने जे शब्द घडविले वा उसने घेतले, त्यांत हाच भेद पुन्हा पुन्हा आढळतो. काही शब्द दाबणारा हात दाखवितात, तर काही तो झाकतात.

हात उघड दाखविणारा शब्द म्हणजे ‘मुस्कटदाबी’. मुस्कट म्हणजे तोंड, थोबाड. मळणीच्या वेळी बैलाने धान्याला तोंड लावू नये म्हणून त्याला ‘मुसके’ बांधतात. खळे पाहिलेल्या शेतकऱ्याला या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. जो राबतो, त्याचेच तोंड बांधलेले असते.

या शब्दाला राजकीय धार आली ती ब्रिटिश अमदानीत. लॉर्ड लिटन यांच्या सरकारने १८७८ साली देशी भाषांतील वृत्तपत्रांसाठी स्वतंत्र कायदा केला. इंग्रजी वृत्तपत्रे त्यातून वगळली होती. मॅजिस्ट्रेटने मुद्रक वा प्रकाशकाकडून जामीनकीची रक्कम मागितली, तर त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची सोय नव्हती. टीकाकारांनी इंग्रजीत त्याला ‘गॅगिंग अ‍ॅक्ट’ म्हटले. मराठीत तो ‘मुस्कटदाबीचा कायदा’ ठरला. गॅग म्हणजे तोंडात कोंबलेला बोळा. बोळा ही वस्तू आहे, दाबणे ही कृती. म्हणूनच येथे भाषांतर मूळ शब्दाहून अधिक बोलके झाले. ४ जानेवारी १८८१ रोजी ‘केसरी’चा पहिला अंक निघाला, तेव्हा हा कायदा अस्तित्वात होता. लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत १८८२ साली तो रद्द झाला.

भाषांतर किती जिवावर बेतू शकते, हे १९०८ साली दिसले. ‘केसरी’तील लेखांवरून लोकमान्य टिळकांवर मुंबईत राजद्रोहाचा खटला चालला. ज्युरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते; त्यांच्यापुढे लेख आले ते सरकारी भाषांतरातून. मूळ मराठी शब्दांचा रोख या भाषांतरात विपर्यस्त झाला आहे, असा आक्षेप टिळकांनी आपल्या प्रदीर्घ भाषणात घेतला. तो मानला गेला नाही आणि सहा वर्षांच्या शिक्षेवर त्यांची रवानगी मंडालेला झाली.

स्वातंत्र्यानंतर राज्यकारभार मराठीत आला आणि शब्दही बदलले. ‘सेन्सॉर’ हे मूळचे रोममधील अधिकाऱ्याचे पद. नागरिकांची गणना आणि त्यांच्या वर्तनावर देखरेख ही त्याची कामे. त्यापासून आलेल्या ‘सेन्सॉरशिप’साठी शासकीय मराठीने ‘परिनिरीक्षण’ हा शब्द योजला. नाटकांच्या संहिता तपासणारे राज्याचे मंडळ ‘रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ’ या नावानेच ओळखले जाते. शब्द व्याकरणशुद्ध आहे. परंतु परिनिरीक्षण म्हणजे बारकाईने पाहणे. पाहणाऱ्याच्या हाती कात्री आहे, हे त्या शब्दातून कळत नाही. लोकांनी मात्र ‘सेन्सॉर’ हाच शब्द तोंडी ठेवला.

२६ जून १९७५ पासून आणीबाणीत वृत्तपत्रांवर प्रसिद्धिपूर्व तपासणी लादण्यात आली. ‘इंडियन एक्स्प्रेस’ने निषेध म्हणून अग्रलेखाची जागा कोरी सोडली. पुढे अशी कोरी जागा सोडण्यासही सेन्सॉरने मनाई केली. बातमी दडपणे पुरेसे नव्हते. ती दडपल्याची खूणही उरता कामा नये, असा त्याचा अर्थ. १९७६ साली मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’च्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने सर्व टीका बंद पाडणे हे सेन्सॉरचे काम नव्हे, असा निर्वाळा दिला. तो निकाल शक्य झाला, कारण दाबणारा अधिकारी, त्याचा आदेश आणि रोखलेला मजकूर हे तिन्ही न्यायालयापुढे होते.

ग्रामीण वार्ताहराच्या वाट्याला येणाऱ्या दडपणाचा असा कागद सहसा नसतो. ते जाहिरातीच्या रूपाने येते, ओळखीच्या माणसाच्या फोनवरून येते. कधी त्याहून भयंकर रूपानेही येते. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूर येथे पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला मोटारीने धडक दिली आणि त्यांचा मृत्यू झाला. नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या समर्थकाविषयी त्यांनी बातमी दिली होती. त्याच व्यक्तीवर पुढे खुनाचे कलम लावण्यात आले. ‘अपघात’ हा शब्द तेथे टिकला असता, तर ‘बातमी लागली नाही’प्रमाणे तोही कर्त्याविना राहिला असता.

म्हणून शब्द निवडताना सावध असावे. प्रत्येक न छापलेली बातमी दाबलेली नसते; जागा अपुरी पडते, खातरजमा होत नाही. तेथे मुस्कटदाबीचा आरोप करणे हा शब्दाचा अपव्यय होय. मात्र जेथे हात आहे, तेथे ‘बातमी लागली नाही’ म्हणून थांबू नये. कोणी दाबली, हा प्रश्न विचारावा. पाटसच्या टपरीवरील वाचकाला तो विचारता येईल असा शब्द मराठीत पूर्वीपासून आहे.