लोकाश्रयावर वाढलेले खेळ

'इंडी गेम' ही संज्ञा 'इंडिपेंडंट' या शब्दाच्या लघुरूपावरून रूढ झाली असून, मोठ्या प्रकाशक कंपनीचे भांडवल आणि तिचा शेवटचा शब्द या दोहोंपासून मोकळे राहून एका व्यक्तीने किंवा मोजक्या सहकाऱ्यांनी घडवलेल्या व्हिडिओ खेळाला ती लावली जाते. ही व्याख्या काटेकोर नाही, कारण अशा अनेक खेळांच्या विक्रीची बाजू एखादा छोटा प्रकाशक सांभाळतोच. तरीही खेळ कसा असावा आणि तो पूर्ण झाला असे केव्हा मानावे हे ठरवण्याचा अधिकार निर्मात्याकडे आहे की नाही, ही कसोटी व्यवहारात पुरेशी ठरते. या खेळांचे मूळ घर पीसी हेच राहिले, त्याचे कारण यंत्राच्या स्वरूपात आहे. प्लेस्टेशनसारख्या कन्सोलवर, म्हणजे प्रामुख्याने खेळांसाठी बनवलेल्या बंदिस्त यंत्रावर, खेळ आणायचा तर यंत्र बनवणाऱ्या कंपनीची परवानगी लागते. पीसीवर मात्र कोणीही प्रोग्राम लिहावा आणि कोणीही तो चालवावा अशी मोकळीक प्रथमपासून आहे. या खेळांचा इतिहास बहुधा निर्मात्यांच्या चरित्रांमधून सांगितला जातो. राजाश्रय नसलेल्या या कलेला लोकाश्रय कसा मिळाला, ही त्याची दुसरी बाजू खेळाडूंच्या व्यवहारात दडलेली आहे, आणि खेळाडूने पैसे कोणत्या टप्प्यावर व कशाच्या भरवशावर दिले हे पाहिल्याखेरीज ती उलगडत नाही.

या व्यवहाराचे पहिले ठळक रूप 'शेअरवेअर' हे होते. खेळाचा पहिला भाग विनामूल्य वाटायचा, त्याच्या प्रती काढून इतरांना देण्यास मुभा ठेवायची आणि पुढचे भाग हवे असल्यास निर्मात्याकडून विकत घ्यायचे, ही रीत ॲपोजी या अमेरिकी कंपनीने १९८७ पासून खेळांत रुजवली आणि डिसेंबर १९९३ मध्ये आलेल्या 'डूम'ने ती जगभर नेली. महाराष्ट्रातील खेळाडूपर्यंत हे पहिले भाग संगणकविषयक मासिकांसोबत येणाऱ्या सीडींमधून पोहोचत. परंतु पुढील भागांसाठी परदेशात डॉलर पाठवण्याची सोय सामान्य घरात नव्हती, आणि पूर्ण खेळ हवा असेल तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील नकली सीडी हाच बहुतेकांना ठाऊक असलेला मार्ग होता. येथील एका पिढीने खेळांवर मनापासून प्रेम केले, पण त्या प्रेमाचा एक रुपयाही निर्मात्याच्या हाती पडला नाही, ही खंत या मागोव्यात नोंदवणे आवश्यक आहे.

व्हॉल्व्ह या कंपनीने सप्टेंबर २००३ मध्ये सुरू केलेले 'स्टीम' हे आंतरजालावरील दुकान आरंभी तिच्या स्वतःच्या खेळांपुरते होते. २००५ पासून त्यात बाहेरच्या निर्मात्यांना जागा मिळू लागली, तरी कोणाला प्रवेश द्यायचा हे कंपनीच ठरवत असे. त्या दाराबाहेर जे घडत होते ते अधिक मोलाचे होते. जपानमधील दाइसुके अमाया यांनी पाच वर्षे एकट्याने काम करून पूर्ण केलेला 'केव्ह स्टोरी' २००४ मध्ये विनामूल्य खुला केला. ऑगस्ट २००६ मध्ये टार्न आणि झॅक ॲडम्स या अमेरिकी बंधूंनी 'ड्वार्फ फोर्ट्रेस'ची पहिली आवृत्ती लोकांपुढे ठेवली, आणि लोकाश्रयाच्या दृष्टीने या खेळाइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. चित्रांऐवजी अक्षरे आणि चिन्हे यांनी भरलेल्या पडद्यावर हा खेळ आधी एका संपूर्ण जगाचा भूगोल आणि शतकानुशतकांचा इतिहास रचतो, आणि मग खेळाडूकडे मूठभर बुटक्या खाणकामगारांची वसाहत सोपवतो, ज्यांतील प्रत्येकाच्या आवडीनिवडी, नातीगोती आणि दुःखे यांचा हिशेब संगणक ठेवत असतो. वसाहत बहुधा बुडतेच. पण ती कशी बुडाली याची कथा खेळाडू एकमेकांना वर्षानुवर्षे सांगत राहतात. गणितात डॉक्टरेट मिळवलेल्या टार्न यांनी विद्यापीठातील काम सोडून या खेळाला वाहून घेतले आणि दोघा भावांचा निर्वाह देणग्यांवर चालला. देणगीदाराला परतभेट म्हणून मिळे ती एखादी छोटी कथा किंवा रंगखडूंनी काढलेले चित्र. खेळ विनामूल्य असताना दरमहा स्वखुशीने पैसे पाठवणारा हा वर्ग ग्राहक या शब्दात मावत नाही. कीर्तनकाराच्या ताटात आपापल्या ऐपतीप्रमाणे टाकणाऱ्या श्रोत्याशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे.

ऐच्छिक मूल्याची ही कल्पना मोठ्या प्रमाणावर प्रथम आजमावली गेली ती मे २०१० मध्ये. त्यापूर्वी ऑक्टोबर २००९ मध्ये 'वर्ल्ड ऑफ गू' या खेळाच्या निर्मात्यांनी पहिल्या वर्धापनदिनानिमित्त तो 'परवडेल त्या किमतीत' देऊ केला होता. वुल्फायर गेम्स या छोट्या चमूने तीच कल्पना पुढे नेऊन पाच स्वतंत्र खेळांचा एक गठ्ठा बांधला आणि त्याला 'हंबल इंडी बंडल' असे नाव दिले. खरेदीदाराने किंमत स्वतः ठरवायची आणि तिचा किती हिस्सा निर्मात्यांना व किती हिस्सा दोन सेवाभावी संस्थांना जावा हेही त्यानेच सांगायचे, अशी योजना होती. खेळांना कॉपीविरोधी कुलूप नव्हते आणि ते विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्ही प्रणालींवर चालत. सुमारे १ लाख ३८ हजार लोकांनी मिळून १२ लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली, म्हणजे एक सेंट देऊनही गठ्ठा मिळत असताना सरासरी ९ डॉलरच्या आसपास पडली. त्यातही लिनक्स वापरणाऱ्यांची सरासरी इतरांपेक्षा बरीच वर राहिली, कारण त्यांच्या प्रणालीसाठी खेळ बनवण्याची तसदी त्या काळी फार थोडे घेत. रक्कम १० लाखांवर गेल्यानंतर पाचपैकी चार खेळांच्या निर्मात्यांनी आपल्या खेळांचा मूळ प्रोग्राम अभ्यासासाठी खुला केला. विश्वासाला विश्वासाने दिलेले हे उत्तर इंडी खेळांच्या इतिहासातील सर्वांत सुंदर घटनांपैकी एक मानावे लागेल. मात्र पुढील वर्षांत अशा गठ्ठ्यांची इतकी गर्दी झाली की खेळाडूंच्या संग्रहात न उघडलेल्या खेळांचे ढीग साचले. विकत घेतलेला पण कधीच न खेळलेला खेळ निर्मात्याला चार पैसे देतो, परंतु त्याच्याविषयी बोलणारा माणूस देत नाही.

याच सुमारास पैसे देण्याचा क्षण खेळ पूर्ण होण्याच्या आधी सरकला. मराठी वाचकाला प्रकाशनपूर्व सवलतीची आणि आगाऊ नोंदणीची परंपरा परिचित आहे; इंडी खेळांनी तिच्या दोन स्वतंत्र पद्धती घडवल्या. पहिली लोकवर्गणीची. फेब्रुवारी २०१२ मध्ये डबल फाइन या संस्थेने किकस्टार्टर या माध्यमातून ४ लाख डॉलर मागितले आणि ८७ हजारांवर लोकांनी तिला ३३ लाखांहून अधिक दिले. तरीही वाढलेल्या आराखड्याला ती रक्कम पुरली नाही आणि 'ब्रोकन एज' हा खेळ अखेर २०१४ व २०१५ अशा दोन हप्त्यांत आला. दुसरी पद्धत अपुऱ्या, पण खेळता येण्याजोग्या खेळाच्या विक्रीची. मार्कुस पेर्सॉन यांनी २००९ मध्ये 'माइनक्राफ्ट' अर्धवट अवस्थेतच स्वस्तात विकायला काढला, आणि तो २०११ मध्ये अधिकृतरीत्या पूर्ण झाला तोवर लाखो लोकांनी तो घेतला होता. मार्च २०१३ मध्ये स्टीमने 'अर्ली ॲक्सेस' या नावाने हीच पद्धत सर्वांना खुली केली. दोहोंपैकी दुसरी पद्धत खेळाडूला अधिक न्याय देणारी ठरली, असे दिसते. लोकवर्गणीत भरवसा केवळ शब्दांवर ठेवावा लागतो. अर्ली ॲक्सेसमध्ये हातात काहीतरी असते, आणि दोष दाखवण्याचा, समतोल कोठे बिघडला हे सांगण्याचा खेळाडूचा सहभाग खेळाच्या घडणीतच मिसळतो. पत्त्यांच्या डावावर आधारलेला 'स्ले द स्पायर' नोव्हेंबर २०१७ पासून सव्वा वर्ष असा घडत राहिला. याउलट एरिक बॅरोन यांनी 'स्टारड्यू व्हॅली'साठी वर्गणीही मागितली नाही आणि अर्धवट खेळही विकला नाही. सुमारे साडेचार वर्षे एकट्याने काम करून, मध्यंतरी नाट्यगृहात अर्धवेळ द्वारपालाची नोकरी करून, त्यांनी तो फेब्रुवारी २०१६ मध्ये पूर्ण स्वरूपात आणला. लोकाश्रयाला एकच साचा नाही, हे ध्यानात ठेवण्यासाठी हे उदाहरण उपयोगी आहे.

स्टीमचे दार या काळात टप्प्याटप्प्याने उघडत गेले. ऑगस्ट २०१२ मधील 'ग्रीनलाइट' योजनेत कोणता खेळ दुकानात यावा यावर खेळाडू मत देत. जून २०१७ मध्ये ती बंद होऊन प्रत्येक खेळामागे १०० डॉलर भरणाऱ्या कोणालाही प्रवेश मिळू लागला. परिणामी २०२४ या एका वर्षात तेथे १८ हजारांहून अधिक नवे खेळ दाखल झाले. दाराशी अडण्याचा प्रश्न मिटला आणि गर्दीत हरवण्याचा उभा राहिला. लोकाश्रयाचा अर्थही त्यासरशी पालटला. खेळ प्रसिद्ध होण्यापूर्वी तो 'विशलिस्ट'मध्ये, म्हणजे पुढे घ्यायच्या खेळांच्या यादीत, नोंदवणे, त्याचा डेमो खेळून पाहणे आणि नंतर चार ओळींचे का होईना अभिप्राय लिहिणे या फुकटच्या कृतींना आता पैशांइतकेच मोल आले, कारण दहा अभिप्राय जमेपर्यंत स्टीम खेळाला एकत्रित शेराही देत नाही. २०१५ पासून लागू असलेला परताव्याचा नियमही येथे विचारात घ्यावा लागतो. खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळल्यास पैसे परत मिळतात. अनोळखी निर्मात्याचा खेळ घेऊन पाहण्याचे धाडस त्यामुळे वाढले, पण दीड तासात संपणाऱ्या उत्कृष्ट खेळाचे रक्षण आता नियमाकडे नसून खेळाडूच्या सचोटीकडे आहे.

स्टीम सर्वसाधारणपणे विक्रीतील ३० टक्के वाटा घेते. २०१३ मध्ये लीफ कोरकोरन यांनी सुरू केलेल्या 'इच' या दुकानात मात्र हा वाटा किती असावा हे निर्माताच ठरवतो आणि तो शून्यही ठेवू शकतो. जून २०२० मध्ये अमेरिकेतील वर्णद्वेषविरोधी आंदोलनाच्या साहाय्यार्थ 'इच'वरील निर्मात्यांनी किमान ५ डॉलरमध्ये १,७०० हून अधिक कृतींचा गठ्ठा उपलब्ध केला आणि ८ लाखांवर लोकांनी मिळून ८० लाख डॉलरपेक्षा जास्त निधी उभारला.

भारतीय खेळाडूच्या बाबतीत निर्णायक बदल झाला तो २०१५ मध्ये, जेव्हा स्टीमवरील किमती रुपयांत दिसू लागल्या आणि अनेक निर्मात्यांनी भारतासाठी वेगळी, कमी किंमत ठेवली. लॅमिंग्टन रोडच्या सीडीला प्रामाणिक पर्याय तेव्हा खऱ्या अर्थाने आवाक्यात आला. निर्मितीच्या बाजूने पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी : ॲन एन्शंट एपिक' या टप्प्यावर उभा आहे. २०१७ मधील त्याची किकस्टार्टर मोहीम अपेक्षित रकमेपर्यंत पोहोचली नाही, आणि तेथील नियमानुसार लक्ष्य गाठले नाही तर जमलेले काहीच निर्मात्याला मिळत नाही. तरीही पहाडी लघुचित्रांची रंगसंगती, राजस्थानी वास्तुकला आणि छायाबाहुल्यांतून सांगितलेली कथा घेऊन तो ऑक्टोबर २०२० मध्ये पीसीवर आला आणि त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातील इंडी खेळांच्या नामांकनांत पोहोचला. लोकवर्गणीने पाठ फिरवली तरी न थांबलेल्या या चमूला दाद देताना, घरच्या खेळाडूंचा लोकाश्रय वेळेवर का उभा राहिला नाही हा प्रश्न टाळता येत नाही.

जुन्या आश्रयदात्यांची परीक्षाही या काळात झाली. झॅक ॲडम्स यांच्या आजारपणानंतर उपचारांच्या खर्चाची चिंता वाढली, तेव्हा बंधूंनी 'ड्वार्फ फोर्ट्रेस'ची चित्रमय आवृत्ती स्टीमवर विकण्याचे ठरवले आणि ६ डिसेंबर २०२२ रोजी ती आली. अक्षरचिन्हांची मूळ आवृत्ती विनामूल्यच राहिली. सोळा वर्षे तीच फुकट खेळलेल्या असंख्य लोकांनी नवी आवृत्ती विकत घेतली, आणि पहिल्या काही आठवड्यांतच बंधूंच्या हाती लक्षावधी डॉलर आले.

ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथील टीम चेरी या मूठभर लोकांच्या चमूने २०१४ च्या अखेरीस 'हॉलो नाइट' या खेळासाठी लोकवर्गणी मागितली होती, आणि २,१५८ जणांनी मिळून ५७ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर दिले होते. खेळ २०१७ मध्ये आला. वर्गणीदारांना कबूल केलेली एक छोटी पुरवणी मात्र वाढत वाढत 'सिल्कसाँग' हा स्वतंत्र खेळ झाली, आणि जुन्या वर्गणीदारांना तो विनामूल्य मिळेल असे निर्मात्यांनी २०१९ मध्येच जाहीर केले. ४ सप्टेंबर २०२५ रोजी 'सिल्कसाँग' प्रसिद्ध झाला तेव्हा खरेदीसाठी लोटलेल्या झुंडीने स्टीमसह अनेक दुकाने काही काळ कोलमडली. त्या २,१५८ जणांना मात्र दुकानाच्या दारात ताटकळण्याचे कारण नव्हते. त्यांचा खेळ अकरा वर्षांपूर्वीच्या वर्गणीत जमा होता.