नाव घातलेला साचा

या उन्हाळ्यात आमच्या जुन्या वाड्याजवळची बेकरी बंद झाली. भावाने फोनवर सांगितलं. पाटी उतरवली, पत्रे भंगारात दिले आणि भट्टीच्या कमानीच्या विटा हातगाड्यांवरून गेल्या. बाहेरच्या माणसांचा माल भाजून देणं त्यांनी कितीतरी आधीच थांबवलं होतं, त्यामुळे व्यवहार म्हणून माझं काहीच अडलं नाही. तरी त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅसवर किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर न्यायला सांगितलं, तेव्हापासूनच माझ्या मनात धाकधूक होती. आदेश मुंबईपुरता, पण वारं कुठे वाहतं आहे ते पुण्यातही कळतंच. धुराबद्दल न्यायालयाचं म्हणणं खोटं नाही. आमच्या बेकरीतल्या भट्टीवाल्या चाचांचे डोळे बारा महिने लाल असत आणि त्यांचा खोकला आम्ही मुलं पुढच्या दुकानातून ऐकायचो. मला तो धूर परत नको आहे. मला बोलायचं आहे ते त्या भट्टीबरोबर गेलेल्या आठवड्याबद्दल, नाताळाच्या आधीच्या आठवड्याबद्दल.

आमचा वाडा गुरुवार पेठेत, पंचहौद चर्चच्या मनोऱ्यातल्या आठ घंटा घरात ऐकू येतील एवढ्या अंतरावर. याच पंचहौद मिशनमध्ये 1890 साली टिळक-रानड्यांसह पुण्यातल्या बड्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली, ‘पुणे वैभव’ वृत्तपत्राने नावं छापली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत जाऊन प्रायश्चित्तावर मिटलं. शाळेत हा धडा हसत शिकवला गेला. मला हसू आलं नाही, कारण नव्वद वर्षांनंतरही आमच्या ख्रिस्ती घरचं बिस्किट कोण खातं आणि कोण खात नाही, हे मला पाठ होतं. आमच्या बाजूच्या खोलीत राहणाऱ्या एक बाई आमचं ताट दारात हसून घ्यायच्या आणि मागच्या दाराने भांडी घासणाऱ्या बाईला देऊन टाकायच्या. मी ते 1981 साली जिन्यातून पाहिलं. आईला मात्र शेवटपर्यंत सांगितलं नाही.

तेव्हा मी बारा वर्षांची होते. 1979 ते 1989 ही दहा वर्षं मला तारीखवार आठवतात.

नाताळ म्हणजे केक, असं आता लोक धरूनच चालतात. आमच्या घरी नाताळ म्हणजे आधी फराळ. मराठी ख्रिस्ती घरात करंज्या, चकल्या, शेव, शंकरपाळे, रव्याचे लाडू आणि अनारसे यांच्याशिवाय पंचवीस तारीख उजाडत नसे. केक त्या ताटातला एक पदार्थ होता. अनारशाचे तांदूळ दहा तारखेच्या सुमारास भिजायचे. तीन दिवस रोज पाणी बदलायचं, मग पंचावर पसरून सावलीत सुकवायचे, कुटायचे आणि गूळ घालून गोळा मुरत ठेवायचा. तुपात अनारसा हसला की आई गप्प व्हायची. आत्या मग पिठात चमचाभर तांदळाची पिठी मिसळून पुन्हा थापायला घ्यायची. दिवाळीत रेशनवर जादा मिळालेल्या साखरेतली अर्धी आई बाजूला काढून ठेवायची. वाड्यातल्या बायकांना ते माहीत होतं. दिवाळीचा त्यांचा फराळ आमच्याकडे यायचा, त्याची परतफेड नाताळात व्हायची, आणि करंजीचं कातण सबंध वाड्यात एकच चांगलं असल्यामुळे ते ऑक्टोबर ते डिसेंबर या घरातून त्या घरात फिरत असे.

अठरा तारखेला कुलकुल. मैद्यात नारळाचं दूध घालून मळलेल्या पिठाची बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर दाबायची आणि गुंडाळत आणायची, म्हणजे वर रेघा उमटतात. काटे दोनच होते, म्हणून आम्हा मुलांसाठी कोरे कंगवे आणले जायचे. बाबाही बसायचे. एरवी स्वयंपाकघरात पाणी प्यायलाही न येणारा तो माणूस त्या एका रात्री पाटावर मांडी घालून शंभर-शंभर कुलकुल वळायचा, आणि आम्हाला त्यांच्याशी एरवी बोलता न येणाऱ्या गोष्टी त्या रात्री बोलता यायच्या.

एकोणीसला केकचं सामान. पुण्याचीच वीकफिल्डची बेकिंग पावडर, टुटीफ्रुटी, बेदाणे. नागपुरी संत्री बाजारात आल्यापासून आम्ही त्यांच्या साली टाकत नव्हतो. आतला पांढरा भाग चाकूने खरवडून त्या साखरेच्या पाकात शिजवल्या जायच्या. केकचा काळपट रंग यायचा तो जाळलेल्या साखरेमुळे. लोखंडी कढईत साखर नुसतीच तापवायची, ती विरघळून लाल होते, मग काळी पडून धुरायला लागते, आणि नेमक्या त्या क्षणी कडेने उकळतं पाणी सोडायचं. एक क्षण उशीर झाला तर केक कडू. आई हे काम कुणाला देत नसे. रम आमच्या घरात कधी आलीच नाही. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते, दारू उंबऱ्याच्या आत येत नसे. बेदाणे संत्र्याच्या रसात भिजायचे. दर डिसेंबरला वर्तमानपत्रांत ‘ख्रिस्ती बांधवांचा पारंपरिक रमयुक्त केक’ असं वाचते तेव्हा मला वाटतं, लिहिणाऱ्याने एकदा गुरुवार पेठेत किंवा नगरला कुणाच्या घरी जाऊन विचारलं असतं तर बरं झालं असतं.

वीस तारखेला दुपारी परात. लोणी आणि साखर तळव्याने एकाच दिशेने फेसायची. वाटीभर पाण्यात थेंब टाकला आणि तो तरंगला की लोणी तयार. अंडी एकेक करून वेगळ्या कपात फोडायची, कारण डझनात एखादं नासकं निघायचंच. अंड्यावरूनही त्या दशकात बरंच पालटलं. 1982 मध्ये नॅशनल एग को-ऑर्डिनेशन कमिटी स्थापन झाली आणि पुढे टीव्हीवर अंड्यांच्या जाहिराती यायला लागल्या. वाड्यातली जी मुलं गच्चीवर लपून आमचा केक खायची, ती दशक संपता संपता आमच्या ओट्यावर बसून खायला लागली. तरी आई एक पत्रा दह्यातल्या रव्याच्या केकचा वेगळा करत राहिली. ज्यांना अंडं चालत नाही त्यांचा मान राखायचा, हे तिचं म्हणणं होतं, आणि मागच्या दाराने जाणाऱ्या ताटाबद्दल कळलं असतं तरी तिने तो पत्रा केलाच असता.

घरी ओव्हन नव्हता असं नाही. वर काचेची खिडकी असलेला गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन अनेकांकडे होता. त्यात केक खालून करपायचा आणि मध्ये कच्चा राहायचा. म्हणून सगळे भट्टीवर. बोहरी आळीतून पत्र्याचे साचे करून घेतलेले असायचे आणि स्टीलच्या भांड्यांवर घालतात तसं त्यांच्या कडेवर नाव घातलेलं असायचं. आमच्या मोठ्या साच्यावर आईने आपलं नाव घातलं होतं, बाबांचं नाही. घरातल्या सगळ्या भांड्यांत तसं ते एकच होतं.

भट्टीचं शास्त्र चाचांनी मला समजावलं. लाकूड भट्टीच्या पोटातच जाळायचं, विटा तापल्या की निखारे ओढून काढायचे, फरशी ओल्या फडक्याने पुसायची. आता आत जाळ नाही, फक्त विटांची धग, आणि ती तासातासाने उतरत जाते. सगळ्यात कडक धगीला पाव. मग खारी. मग नानकटाई आणि बिस्किटं. केक सगळ्यांत शेवटी, कारण त्याला घाई सोसत नाही. चाचा चिमूटभर मैदा फरशीवर टाकायचे. काळा पडला तर “अभी नहीं, बेटी”, बदामी झाला की लांब दांड्याच्या फावड्यावर आमचे साचे चढायचे. टोस्ट मात्र रात्रभर उरलेल्या उबेत वाळत राही.

तोवर रात्रीचे दहा वाजलेले असत. रांगेत आमच्या चर्चमधल्या बायका, कॅम्पातून आलेली गोव्याची माणसं, घरी लग्न म्हणून नानकटाई करून घ्यायला आलेल्या मुसलमान बायका, आणि नातवंडांसाठी कणकेची बिस्किटं करून घेणाऱ्या पेठेतल्या आजी. शाली पांघरून सगळ्या पायरीवर बसायच्या. कुणाचा केक मधोमध खचला तर सगळ्यांचा जीव हळहळायचा, आणि ज्यांचा चांगला झाला त्या आपल्या साच्यातला चतकोर कापून द्यायच्या. गरम साचा टॉवेलमध्ये गुंडाळून छातीशी धरून घरी नेताना थंडी लागत नसे. त्याच रात्री एकतारी, तबला आणि टाळ घेतलेली कॅरोलची मंडळी गल्लीत शिरायची. कवी ना. वा. टिळकांनी मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी अभंग दिला, म्हणून आमच्या जन्मोत्सवाच्या गाण्यांना भजनाचा ठेका होता आणि शेजारच्यांनाही ती परकी वाटत नव्हती. खिडकीत उभं राहून ते ताल धरायचे.

नव्वदनंतरच्या वर्षांबद्दल मला फारसं सांगायचं नाही. घरोघर चांगले ओव्हन आले, वाडे पडले, आम्ही उपनगरात गेलो. भट्टीवर येणारी माणसं कमी झाली आणि बेकरीने बाहेरचे साचे घेणं बंद केलं. यात खलनायक कुणी नाही. आम्हीच गेलो नाही.

पण गेल्या काही वर्षांत जे झालं आहे ते मला खुपतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरातच पंचतारांकित हॉटेलांत ‘केक मिक्सिंग’चे समारंभ होतात, हातमोजे घातलेले पाहुणे सुक्या मेव्यावर बाटल्या ओततात आणि त्याचे फोटो नाताळची परंपरा म्हणून छापले जातात. आमच्याच लोकांनी फराळ सोडला. मी राहते तिथल्या चर्चमध्ये गेल्या वर्षी बायकांच्या मंडळाने प्रत्येक घरासाठी सारख्या खोक्यातला सारखा केक मागवला आणि करंज्या करून आणू का, असं मी विचारलं तेव्हा “कशाला त्रास घेता” असं उत्तर मिळालं. तो त्रास हाच आमचा आगमनकाळ, नाताळाची वाट पाहण्याचा काळ, होता. वाट पाहणं आम्ही हातांनी शिकलो, तीन दिवस भिजणाऱ्या तांदळाकडून आणि रात्री दहापर्यंत न उतरणाऱ्या धगीकडून. शेजाऱ्यांशी असलेलं नातं त्या एका कातणाबरोबर फिरत होतं. आज आमच्या इमारतीत कॅरोलची मंडळी यायची तर त्यांची नावं सोसायटीच्या कार्यालयात आधी लिहून द्यावी लागतात.

माझ्या मुलीला अनारसे येतात. कुलकुल वळायला तिचा नवराही बसतो, एवढं या वर्षी माझ्या घरात शिल्लक आहे. तांदूळ परवा भिजवले.

ज्यांच्या गावात, गल्लीत बाहेरचा साचा भाजून देणारी भट्टी अजून चालू आहे, मग ती लाकडावरची असो की गॅसवरची, त्यांनी या आठवड्यात आपलं पीठ घेऊन तिथे जावं. बेकरीवाल्यांना माझी विनंती आहे, वर्षातल्या चार रात्री नाही म्हणू नका. आणि पुण्याच्या आसपास अशी भट्टी कुणाला ठाऊक असेल तर मला कळवा. आईचं नाव घातलेला साचा माझ्याकडे आहे, आणि तो माझ्या ओव्हनमध्ये मावत नाही.