दगडी आच्छादनापूर्वी भिंतीची सिद्धता

हैदराबाद शहरात प्रवेश करणाऱ्या प्रवाशाचे लक्ष प्रथम वेधून घेतो तो तेथील दगड. ग्रॅनाइटचे प्रचंड गोटे शहराच्या परिसरात सर्वत्र आढळतात. उस्मानिया विद्यापीठाच्या कला महाविद्यालयाची, १९३९ मध्ये उद्घाटन झालेली भव्य वास्तू ग्रॅनाइटचीच आहे. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात समाविष्ट असल्यामुळे आपल्याकडील जुन्या पिढीला ही वास्तू चांगलीच परिचित होती.

तशी घडीव दगडांची बांधणी आज सर्वांना परवडणारी नाही. म्हणून विटांची भिंत उभारून तिच्या दर्शनी भागावर ग्रॅनाइटच्या अथवा तांडूर-शहाबादकडील फरशीच्या पातळ लाद्या बसविण्याची पद्धत रूढ झाली आहे. शाळा, ग्रामपंचायती व घरे यांना त्यामुळे शोभा येते. परंतु येथे दगड भिंतीला आधार देत नाही. भिंतच दगडाला आधार देते. वीस मिलिमीटर जाडीच्या ग्रॅनाइटच्या एक चौरस मीटर आच्छादनाचे वजन सुमारे ५४ किलो भरते. एवढा भार वर्षानुवर्षे धरून ठेवण्यास भिंत समर्थ आहे काय, याची खात्री लादी विकत घेण्यापूर्वीच करावयास हवी.

१५९१ मध्ये उभारलेल्या चारमिनारच्या एका मिनारावरील चुन्याच्या नक्षीकामाचा तुकडा मे २०१९ मध्ये निखळून खाली पडला. ते काम लाद्यांचे नव्हते. पण भिंतीवर चढविलेला कोणताही थर तिच्यापासून सुटू शकतो, हा बोध त्यातून घेण्यासारखा आहे. शाळेच्या भिंतीखाली तर मुले खेळत असतात.

भिंतीची पाहणी करताना पहिला शत्रू म्हणजे ओल. गळके छप्पर, फुटका नळ किंवा जोत्यातून वर चढणारे पाणी यांचा बंदोबस्त आधी करावा. प्लॅस्टिकचा कागद भिंतीवर चारही कडांनी चिकटवून एक-दोन दिवस ठेवावा. त्याच्या आतील बाजूस पाण्याचे थेंब जमल्यास भिंत अद्याप ओली आहे असे समजावे. लोणा लागला असल्यास तो कोरड्या ब्रशने खरवडून काढावा. मात्र ओलीचे मूळ नाहीसे झाल्याशिवाय तो पुन्हा येतोच.

त्यानंतर हातोडीने भिंत ठोकून पाहावी. बद्द आवाज येईल तेथील गिलावा पूर्णपणे काढून टाकावा. चुनकाम, तैलरंग व तेलकट डाग यांवर मसाला धरत नाही. तेही तारेच्या ब्रशने व छन्नीने निपटून काढावेत. नंतर भिंतीवर पाणी शिंपडावे. पाणी शोषले गेले तर पृष्ठभाग स्वच्छ झाला. ओघळून गेले तर काम अपुरे आहे.

विटांचे सांधे सुमारे १२ ते १५ मिलिमीटर खोल उकरावेत. काँक्रीटच्या गुळगुळीत खांबांना व तुळयांना जवळजवळ टाचे मारावेत. भेगांचे कारण शोधून त्या बुजवाव्यात. ओळंबा लावून भिंतीचा उंचसखलपणा तपासावा व एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू या प्रमाणाच्या गिलाव्याने तो दूर करावा. हा थर गुळगुळीत न घोटता खरबरीत ठेवावा आणि किमान सात दिवस त्यावर पाणी मारावे. लाद्या लावतेवेळी भिंत दमट असावी, निथळती नसावी.

उंचावरील लाद्यांच्या बाबतीत केवळ मसाल्यावर विसंबू नये. त्यांना न गंजणाऱ्या धातूचे आकडे द्यावेत. साधे लोखंड गंजून फुगते व अखेर दगडच फोडते. आय. एस. ४१०१ (भाग १) ही दगडी आच्छादनाविषयीची भारतीय मानक संहिता १९६७ मध्येच तयार झाली असून, सार्वजनिक कामांच्या अंदाजपत्रकात भिंतीच्या पूर्वतयारीची बाब स्वतंत्रपणे दर्शविणे अधिकाऱ्यांच्याही हिताचे ठरेल.

मातीत बांधलेल्या जुन्या घरांच्या भिंतींवर मात्र जड लाद्या लावू नयेत. त्यांतील माती हा भार पेलू शकत नाही आणि सिमेंटचा थर आतील ओल कोंडून ठेवतो. अशा भिंतीस चुन्याचा गिलावाच योग्य.

पूर्वतयारीत गेलेले आठ-पंधरा दिवस कुणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. पण दर्शनी दगडाचे आयुष्य त्यांवरच अवलंबून असते. म्हणून गवंड्यास लादीचा दर विचारण्यापूर्वी, भिंतीची तयारी तो कशी करणार, हे अवश्य विचारावे.