बुलडोझरची साखळी आणि वाळवंटातील धूळ

३१ मार्च १९५८ रोजी राजस्थान कालव्याच्या कामाचा आरंभ झाला. आज हा कालवा इंदिरा गांधी यांच्या नावाने ओळखला जातो. थरच्या वाळवंटातील त्या कामावर वाळू वाहण्यासाठी उंट आणि गाढवे होती, तशी अजस्र यंत्रेही होती. उंटाच्या पायाला वाळूचे भय नाही. साखळीवर चालणाऱ्या यंत्राच्या पायाला मात्र तेच सर्वांत मोठे भय. वाळूत राबणारा बुलडोझर दुरून ओळखू येतो तो इंजिनाच्या घरघरीपेक्षा साखळीच्या कर्कश किंकाळीमुळेच.

गंमत अशी की, या साखळीचा जन्म कोरड्या मुलखातला नव्हे. कॅलिफोर्नियातील स्टॉक्टनजवळच्या भुसभुशीत जमिनीत वाफेच्या ट्रॅक्टरची चाके रुतत, म्हणून बेंजामिन होल्ट याने १९०४ च्या नोव्हेंबरात चाकांऐवजी पट्टे बसवून पाहिले. यंत्राचा भार मोठ्या पृष्ठभागावर विभागला गेला आणि ते रुतेनासे झाले. ओल्या मातीसाठी शोधलेली ही युक्ती पुढे वाळवंटात नेली गेली, तेव्हा तिच्याबरोबर एक नवे दुखणेही उपजले.

साखळीची प्रत्येक कडी पुढच्या कडीशी पोलादी पिनेने जोडलेली असते आणि त्या पिनेभोवती बुश नावाची पोकळ नळी असते. मागच्या दातेरी चाकाला वळसा घालताना पीन बुशमध्ये किंचित फिरते. धुळीचा कण नेमका याच फटीत शिरतो. वाळूतील गारगोटीचा कठीणपणा मोहसच्या मापनात ७ आहे, म्हणजे तो कठीण केलेल्या पोलादाच्याही तोडीस तोड आहे. कोरडी पीन अडते, सुटते, पुन्हा अडते. गंजलेल्या बिजागरीप्रमाणे किंकाळी उमटते ती या अडण्यासुटण्यातून. पीन झिजली की प्रत्येक सांधा थोडा लांबतो, कड्यांचे अंतर चाकाच्या दात्यांशी जुळेनासे होते आणि मग दातेही झिजू लागतात. आवाज आणि झीज ही अशी एकाच घर्षणाची दोन अपत्ये आहेत.

आवाज असह्य झाला की जळके तेल साखळीवर ओतण्याचा मोह स्वाभाविक आहे. घटका दोन घटका शांतता लाभतेही. परंतु उघड्या साखळीवरचे तेल धूळ धरून ठेवते आणि त्या दोहोंचा जो लेप होतो, तो व्हॉल्व्ह घासण्यासाठी कारखान्यात मुद्दाम वापरतात त्या लेपाचाच भाऊ. आवाज थांबतो; झीज वाढते. याहून फसवी चूक ग्रीसगनची. साखळीजवळ जे ग्रीसचे निपल दिसते ते वंगणासाठी नसून साखळी ताणण्यासाठी असते. तेथे ग्रीस भरले की साखळी अधिकच आवळली जाते आणि प्रत्येक सांध्यावरचा दाब वाढतो. (ताण सैल करतानाही तेथील झडप सावकाश उघडावी आणि तोंड बाजूला ठेवावे, आतील ग्रीस प्रचंड दाबाखाली असते.)

खरा उपाय साधा, म्हणूनच दुर्लक्षित. साखळीला वरच्या बाजूस झोळ हवा. मध्यम व मोठ्या बुलडोझरांत तो बहुधा ४० ते ६० मिलिमीटर असतो. नेमका आकडा यंत्राच्या पुस्तिकेत पाहावा. दातेरी चाकात माती ठासून भरली की साखळी आपोआप ताणली जाते, म्हणून झोळ धुऊन पुसून नव्हे, तर कामावरच्या स्थितीतच मोजावा. उलट दिशेने भरधाव जाणे टाळावे, कारण तेव्हा बुश भाराखाली दात्यावर घासत फिरतो. वळणेही एकाच बाजूला घेऊ नयेत. तळाच्या या भागावर यंत्राच्या एकूण देखभालखर्चापैकी निम्म्याच्या आसपास रक्कम खर्ची पडते, हे ध्यानी घेतले म्हणजे या किरकोळ वाटणाऱ्या सवयींचे मोल कळते.

१९७० च्या दशकात पिनेतच तेल भरून दोन्ही टोकांना सील बसविलेल्या साखळ्या प्रचारात आल्या. आतली झीज जवळजवळ थांबली आणि किंकाळीही. बुशची बाहेरची झीज मात्र उरली. त्यासाठी तो योग्य वेळी अर्धा फेरा वळवून नवी बाजू दात्यांसमोर आणावी लागते.

चालकाच्या कानाचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. आपल्याकडील कारखान्यांच्या नियमांत ८ तासांच्या पाळीस ९० डेसिबलची मर्यादा आहे. बुलडोझरचा चालक कारखान्याच्या छपराखाली बसत नाही, पण कान माणसाचेच. आतील नाजूक केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. बंद केबिन आणि कानांवरचे आच्छादन यांना म्हणूनच पर्याय नाही.

सीलबंद साखळीतही एखादे सील फाटते आणि तेल गळून जाते. तो सांधा पुन्हा करकरू लागतो आणि इतरांपेक्षा अधिक तापतो. जाणता फिटर पाळी संपताच, यंत्र बंद करून, पिनांच्या टोकांशी हाताची पालथी बाजू नेऊन पाहतो. ज्या टोकाची धग वेगळी लागते, त्यावर तो खडूने खूण करतो.