पिरोजा आणि मुंबईची चांदी

माणिक, मोती, पोवळे, पाचू, पुष्कराज, हिरा, नीलम, गोमेद आणि लसण्या या नऊ ग्रहांच्या नऊ रत्नांत पिरोजाला जागा नाही. राजनिघंटूकाराने त्याची दखल घेतली, राखट आणि हिरवा असे त्याचे दोन प्रकारही नोंदवले, परंतु ग्रहांच्या दरबारात मानकरी होण्याचा अधिकार त्यास कधी लाभला नाही. मराठी घरच्या दागिन्यांकडे पाहावे तर तेथेही तोच प्रकार: ठुशी, तन्मणी, चिंचपेटी, नथ यांत मोती आणि माणिक, फार तर पाचू. पिरोजी रंग लुगड्यावर आला, खडा मात्र गळ्यात आला नाही. असे असूनही याच मुंबई बेटावर, गिरगावच्या सोनारआळ्यांपासून फार तर कोसभर अंतरावर डोंगरीत, हा खडा पिढ्यानपिढ्या बोटांत मानाने वागवला गेला, आणि तोही सोन्यात नव्हे, चांदीत.

याचे कारण धर्माचारात आहे. इस्लामी शास्त्राने पुरुषास सोने वर्ज्य मानले, चांदीची अंगठी मात्र मान्य केली. आणि शिया समाजात अकीक व पिरोजा या दोन खड्यांना विशेष पावित्र्य आहे. पिरोजाची जगद्विख्यात खाण खुरासानातील निशापूरजवळची, आणि खड्यास घाट देणारे कारागीर मशहदचे, जेथे इमाम रझा यांच्या दर्गाहास यात्रेकरूंची रीघ लागते. सतराव्या शतकातील फ्रेंच जवाहिऱ्या तावर्निये याने इराणात जुन्या खाणीचा आणि नव्या खाणीचा असे दोन प्रकारचे पिरोजे सांगून, जुन्या खाणीचा अव्वल माल शहा आपल्यासाठी राखून ठेवतो, असे लिहून ठेवले आहे. पुढे इराणी आखातातील बंदरे आणि मुंबई यांच्यात गलबतांची व मागाहून आगबोटींची ये-जा वाढली, इराणी सौदागर येथे स्थायिक झाले, आणि 1860 साली हाजी महंमद हुसेन शिराझी यांनी इमामवाड्याच्या रस्त्यावर मुघल मशीद उभारली. निळ्या फरश्यांनी नटलेल्या त्या वास्तूसमोर उभे राहिले की पिरोजाचा रंग या वस्तीस परका का वाटला नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही.

खडा खुरासानचा, पण चांदी कोठली? याचे उत्तर फोर्टातील टांकसाळीत मिळते. 1835 च्या कायद्याने कंपनी सरकारचा रुपया एक तोळा, म्हणजे 180 ग्रेन वजनाचा ठरला, त्यात बारा भागांस अकरा भाग शुद्ध चांदी. गिऱ्हाइकाने रुपये मोजून द्यावे, सोनाराने ते मुशीत घालावे, आणि तयार डाग ताजव्यात घालून तोळे, मासे, गुंजा यांचा हिशेब दोघांनी समोरासमोर पाहावा, असा सरळ व्यवहार त्यामुळे शक्य झाला. नाणे हेच वजन आणि नाणे हीच कसाची हमी. 1940 साली रुपयातील चांदी निम्म्यावर आली, 1947 साली रुपया निकेलचा झाला, आणि ती हमी संपली. दूर अमेरिकेत नवाहो जमातीच्या कारागिरांनीही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेक्सिकन व अमेरिकन नाणी वितळवून आपले चांदीकाम उभारले, आणि 1880 च्या आसपास ते त्यात पिरोजा बसवू लागले. दोन्हीकडे सरकारी नाण्यानेच कारागिराला धातू पुरवला, हा योगायोग मला मोठा मनोरंजक वाटतो.

आता कसबाकडे वळू. पिरोजा हा तांबे आणि अॅल्युमिनियम यांचा पाणी धरून ठेवणारा फॉस्फेट होय. हिऱ्यामाणकांच्या मानाने मऊ आणि सच्छिद्र. आगीत घातला तर त्यातील पाणी उडते, रंग मरतो, कित्येकदा खडाच तडकतो. आम्लात घातला तर पृष्ठभाग खाल्ला जातो. चांदीचे काम तर आदीपासून अंतापर्यंत आग आणि आम्ल यांवरच चालते. शुद्ध चांदी 961 अंश सेल्सिअसवर वितळते, पण ती फार नरम, म्हणून शेकडा साडेसात तांबे मिसळून 925 ची चांदी करतात. तिचा रस ओतून, ऐरणीवर ठोकून पत्रा काढावा, तार हवी असल्यास जंतराच्या एकाहून एक लहान छिद्रांतून ती ओढावी. ठोकता ठोकता धातू ताठर होतो, म्हणून मंद लाल होईतो तापवून तो पुनःपुन्हा नरम करावा लागतो. अंगठीचा वेढा वळवून त्याचे सांधे टाकणखार लावून झाळावे, खड्याच्या मापाची पट्टी वळवून तीही बैठकीवर झाळावी, आणि आगीने काळवंडलेला डाग चिंचेच्या पाण्यात किंवा सौम्य गंधकाम्लात उजळून घ्यावा. कानस, घासणी, ओप हे सारे झाल्यावर, विस्तव विझल्यावरच, खडा कोंदणात उतरतो. पट्टीची कड थोडथोडी दाबत, समोरासमोरच्या बाजूंनी आळीपाळीने, ती खड्याच्या उतारावर मुडपायची. एका बाजूने जोर जास्त झाला तर खडा तिरका बसतो किंवा कडेला उडतो. कोंदणाच्या पट्टीस म्हणून निर्भेळ चांदीच पसंत करतात: तिची नरमाई, जी एरवी दोष, येथे गुण ठरते. माणकाच्या बाबतीत एखादा राहिलेला सांधा मागाहून झाळण्याची जोखीम काही धीट कारागीर घेतात. पिरोजाच्या बाबतीत तशी मुभाच नाही. सबंध दागिना मनात आधी पुरा झालेला असावा लागतो. मला विचाराल तर या स्वस्त खड्याने कारागिराची परीक्षा महागड्या रत्नांहून अधिक कडक घेतली आहे.

अशा कामास शिस्तीचे शिक्षण द्यावे, हा विचार सर ज. जी. कलाशाळेत 1890 नंतर रे कार्यशाळांच्या रूपाने आला. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने निघालेल्या त्या कारखान्यांत धातुकामासारखे देशी हुन्नर शिकवले जात. खऱ्या अर्थाने विद्या चालली ती मात्र पेढीच्या मागच्या खोलीत, बापाकडून मुलाकडे, आणि आज झवेरी बाजाराच्या माळ्यांवर बहुतांशी बंगालातून आलेल्या कारागिरांच्या हातांत. तेथील फरशीवरचा केरसुद्धा फुकट जात नाही. तो धुऊन त्यातला धातू काढणाऱ्या झारेकऱ्याचा पेशा अजून टिकून आहे.

डोंगरीबाहेर, लालबाग-परळच्या गिरणगावातही चांदी होती, आणि विपुल होती: जोडवी, विरोद्या, मासोळ्या, तोडे, वाळे. कमरेखाली सोने घालू नये हा दंडक, शिवाय पगार बेताचा, त्यामुळे बाईची शिल्लक तिच्या पायांत असे. 1982 च्या गिरणी संपात किती घरांतील अशी शिल्लक गहाण पडली आणि सुटली नाही, याची आठवण त्या चाळींत आजही जिवंत आहे. पण त्या चांदीत पिरोजा कोणी बसवला नाही, आणि त्याचे कारण निव्वळ दारिद्र्य नव्हे. रात्रंदिवस अंगावर राहणाऱ्या डागाला तेल, हळद, साबण, राख आणि नळाचे पाणी सोसावे लागते. सच्छिद्र पिरोजा हे सारे पिऊन टाकतो आणि काही वर्षांत निळ्याचा शेवाळी होतो. नमाजाआधी वज़ूसाठी हात धुणारे शिया वृद्ध हा पालट वयाची खूण म्हणून स्वीकारतात. दादरच्या दुकानात पिरोजाची चांदीची अंगठी घेणारे आजचे गिऱ्हाईक मात्र रंग पालटताच तीच अंगठी परत घेऊन येते.

त्या गिऱ्हाइकाच्या धास्तीनेच बाजाराचे रूप पालटले. आज विकला जाणारा बहुतेक पिरोजा राळेने भरून पक्का केलेला असतो, पुष्कळसा तर पांढऱ्या हौलाइटवर निळा रंग चढवलेला. काळ्या शिरांवाचूनच्या निळ्या खड्यासाठी प्रसिद्ध असलेली अॅरिझोनातील स्लीपिंग ब्यूटी खाण 2012 साली बंद झाल्यापासून चांगला माल आणखी दुर्मीळ झाला. म्हणून हाती असलेला जुना खडा जपावा लागतो. जुन्या निशापुरी खड्याची अंगठी सैल करून घ्यायची असेल, तर सोनार प्रथम कोंदणाची कड टोकदार हत्याराने अलगद उचलून खडा बाहेर काढतो, वेढा कापून त्यात तुकडा झाळतो, मग पुन्हा बसवतो. दोनतीनदा उचललेली कड शेवटी मोडते, आणि तेव्हा नवी पट्टी घालण्याचे मोल अंगठीच्या चांदीहून अधिक भरते. गिऱ्हाईक कुरकुरते, सोनार आकडा खाली आणीत नाही, आणि माझ्या मते त्याचेच बरोबर आहे.