सगळे भाग बदलले, तरी गाडी तीच?

1990 साली लंडनच्या उच्च न्यायालयात एका मोटारीच्या ओळखीचा खटला चालला. मोटार होती बेंटली कंपनीची ‘स्पीड सिक्स’, टोपणनाव ‘ओल्ड नंबर वन’. फ्रान्समधल्या ल माँ इथली 24 तासांची शर्यत तिने 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोनदा जिंकली होती. तिच्या मालकाने ती एका कंपनीला विकायचा करार केला. व्यवहार सुमारे एक कोटी पौंडांचा. मग खरेदीदार कंपनीने हात आखडता घेतला. तिचे म्हणणे असे, की शर्यत जिंकलेल्या गाडीतले जवळजवळ काहीच या गाडीत उरलेले नाही. मग हिला ‘ओल्ड नंबर वन’ म्हणायचे तरी कसे?

आक्षेप पोकळ नव्हता. काही किरकोळ जोडण्या सोडल्या, तर 1929 सालच्या गाडीतला एकही भाग खात्रीने दाखवता येत नव्हता. आणि त्या जोडण्यांचेही वय ठरवणे अशक्य होते. 1930 सालच्या गाडीतले गिअरबॉक्सचे कवच, स्टिअरिंगचा दांडा आणि पेडलचा दांडा एवढेच टिकले होते. चासी म्हणजे गाडीचा सांगाडा आणि इंजिन हे दोन्ही 1932 सालच्या फेरबांधणीतले होते. बॉडी तर त्याहून कितीतरी नंतरची.

न्यायालयाने काय ठरवले हे पाहण्याआधी, एका गाडीचे इतके भाग बदलावे का लागले, हे समजून घ्यायला हवे.

मालक, शर्यती आणि एक मृत्यू

वॉल्टर ओवेन बेंटली यांनी 1919 साली कंपनी काढली. गाड्या दणकट होत्या, पण तिजोरी कायम रिकामी. दक्षिण आफ्रिकेतल्या हिऱ्यांच्या खाणींतून आलेल्या संपत्तीचा वारस वूल्फ बार्नाटो याने कंपनीत पैसा ओतला आणि तो तिचा अध्यक्ष झाला. तो स्वतः कसलेला चालक होता. ल माँच्या तीन शर्यतींत तो उतरला आणि तिन्ही जिंकला. त्यातल्या दोन ‘ओल्ड नंबर वन’वर, 1929 साली टिम बर्किनच्या जोडीने आणि 1930 साली ग्लेन किडस्टनच्या जोडीने. 1929 च्या शर्यतीत पहिले चारही क्रमांक बेंटलीचेच होते.

मंदीच्या लाटेत 1931 साली कंपनी बुडाली आणि रोल्स-रॉइसने ती विकत घेतली. ‘ओल्ड नंबर वन’ मात्र इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर धावतच राहिली. जास्त वेगासाठी तिच्यात साडेसहा लिटरच्या जागी आठ लिटरचे इंजिन आले. 24 सप्टेंबर 1932 रोजी 500 मैलांच्या शर्यतीत क्लाइव्ह डनफी हा चालक ती चालवत असताना गाडी ट्रॅकच्या उतरत्या काँक्रीट भिंतीवरून पलीकडे गेली. डनफीचा मृत्यू झाला. त्यानंतर बार्नाटोने तिची फेरबांधणी करून बंद टपाची, रस्त्यावर चालवण्याजोगी गाडी बनवून घेतली. पुढे ती हातोहात फिरली आणि काही दशकांनी तिला पुन्हा ल माँच्या शर्यतीचे रूप देण्यात आले.

धातूही थकतो

शर्यतीच्या गाडीचे भाग बदलावे लागतात ते हौसेखातर नव्हे. 1929 साली या गाडीने 24 तासांत सुमारे 2,844 किलोमीटर अंतर कापले. इंजिनाचा सरासरी वेग मिनिटाला 3,000 फेरे धरला, तर एका दिवसात क्रँकशाफ्टचे 43 लाखांहून अधिक फेरे होतात आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये 21 लाखांहून जास्त स्फोट. प्रत्येक स्फोटाला धातू किंचित वाकतो आणि परत सरळ होतो. एकाच झटक्यात तो तुटत नाही. पण लाखो वेळा ताण आला, की एखाद्या ओरखड्यापाशी किंवा कोपऱ्यापाशी केसासारखी चीर पडते. ती हळूहळू आत सरकते आणि एक दिवस अखंड दिसणारा दांडा कट्कन तुटतो. याला धातूचा थकवा म्हणतात. एकोणिसाव्या शतकात जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर याने आगगाड्यांच्या तुटणाऱ्या आसांवर प्रयोग करून त्याचा पद्धतशीर अभ्यास केला.

पोलादाचा एक गुण असा, की ताण ठरावीक मर्यादेखाली राहिला तर ते जवळजवळ कितीही फेरे सोसते. अ‍ॅल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. ताण कमी असला तरी थकवा साठत जातो. म्हणून जुन्या इंजिनातले अ‍ॅल्युमिनियमचे पिस्टन चांगले दिसले तरी जाणकार त्यांवर भरवसा ठेवत नाहीत.

चीर डोळ्यांना दिसत नाही. पोलादी भागाला चुंबकत्व देऊन त्यावर लोखंडाची बारीक पूड सोडतात; जिथे चीर असते तिथे पूड रेषेत गोळा होते. अ‍ॅल्युमिनियमसाठी रंगीत द्रव लावतात, पुसतात, आणि चिरेत मुरलेला रंग वर उमटतो. भाग अशा तपासणीत नापास झाला, तर त्याला शंभर वर्षांचा इतिहास असला तरी तो गाडीतून काढावाच लागतो. जुना दांडा ठेवायचा की चालकाचा जीव, असा तो प्रश्न असतो.

जुन्याचा पुरावा कुठे शोधायचा?

इथेच दुसरी अडचण उभी राहते. जुन्या स्पोर्ट्स कारची किंमत तिच्या इतिहासात असते. त्यामुळे नव्या चासीवर जुना क्रमांक ठोकून इतिहास ‘चिकटवण्याचा’ मोह होतो. शास्त्रज्ञांकडे त्यावर उपाय आहेत. धातूवर क्रमांक ठोकताना वरचा थरच नव्हे, तर खालच्या स्फटिकांची रचनाही दबते. क्रमांक घासून काढला, तरी विशिष्ट आम्लमिश्रित द्रावण लावल्यावर दबलेला भाग वेगळ्या वेगाने झिजतो आणि पुसलेला आकडा पुन्हा दिसू शकतो.

चामडे, कापड, लाकूड यांसाठी दुसरे घड्याळ आहे. 1950 आणि 60 च्या दशकांतल्या खुल्या हवेतील अणुचाचण्यांमुळे वातावरणातले कार्बन-14 जवळजवळ दुप्पट झाले. 1963 च्या करारानंतर ते हळूहळू उतरत गेले. या काळात वाढलेल्या झाडात आणि जनावरात ती खूण राहिली. सीटचे चामडे ‘मूळ 1930 चे’ म्हणून विकले जात असेल आणि त्यात हा वाढीव कार्बन सापडला, तर ते 1950 च्या दशकाच्या मध्यानंतरचे आहे, हे निश्चित.

हेच घड्याळ वैद्यकाने माणसावर लावून पाहिले. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील योनास फ्रिसेन यांच्या गटाने 2005 साली पेशींच्या डीएनएमधल्या कार्बन-14 वरून पेशींचे वय काढण्याची पद्धत मांडली. आपले शरीरही सतत भाग बदलत असते. तांबड्या रक्तपेशी सुमारे 120 दिवस जगतात. प्रौढ माणसाच्या हाडांचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी नव्याने घडतो. हृदयाच्या स्नायूपेशी मात्र फार सावकाश बदलतात. विशीत वर्षाला जेमतेम एक टक्का आणि म्हातारपणी त्याच्याही निम्म्याने. मेंदूच्या बाह्यस्तरातल्या चेतापेशी बहुतांशी जन्मापासूनच्याच राहतात. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीच्या फोटोतल्या व्यक्तीचे रक्त आणि बरेचसे हाड आज तिच्यात नाही. तरी कुणी तिला ‘दुसरी’ म्हणत नाही, कारण बदल एकदम झाला नाही. जुने आणि नवे कायम सोबत नांदत राहिले.

न्यायालयाचे उत्तर

न्यायमूर्ती ऑटन यांचा निकाल याच विचाराच्या जवळ जातो. ही गाडी ‘मूळ’ म्हणता येणार नाही, हे त्यांनी मान्य केले. पण ती नक्कलही नाही, असे ठरवले. तिचा इतिहास अखंड होता. ती कधी पूर्णपणे मोडीत निघून दुसऱ्या भागांतून नव्याने उभी राहिली नव्हती. प्रत्येक टप्प्यावर जिवंत गाडीत बदल होत गेले होते आणि ‘ओल्ड नंबर वन’ या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी जगात नव्हती. म्हणून ती अस्सल. ‘मूळ’ आणि ‘अस्सल’ या दोन शब्दांतला हा फरक जुन्या गाड्यांच्या जगाला तेव्हापासून पुरून उरला आहे.

सरकारी नियम मात्र इतके तत्त्वज्ञान करत नाहीत. ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याने मोठे फेरफार झालेल्या गाड्यांसाठी अनेक वर्षे गुणपद्धत वापरली. त्या पद्धतीत जुनी ओळख राखायला किमान आठ गुण लागत. चासीला पाच, सस्पेन्शन, आस, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगला प्रत्येकी दोन, आणि इंजिनाला फक्त एक. भारतात 2021 साली आलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुने आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेले वाहनच ‘व्हिंटेज’ ठरते. त्याच्या नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. या कसोटीवर ‘ओल्ड नंबर वन’ टिकणे कठीणच.

गॅरेजमध्ये जाण्याआधी

मुंबई, पुणे किंवा कोल्हापुरात आजोबांची फियाट, अ‍ॅम्बॅसडर किंवा जुनी मॉरिस उभी असेल, तर या खटल्यातून घेण्याजोगे बरेच आहे. काम सुरू होण्याआधी गाडीचे सर्व बाजूंनी फोटो काढावेत. चासी आणि इंजिनाचे क्रमांक घासू देऊ नयेत. बदललेला प्रत्येक भाग, तारीख आणि बिल वहीत नोंदवावे. काढलेला जुना भाग भंगारात न देता चिठ्ठी बांधून ठेवावा. जो पत्रा कापून जोड देता येतो, तो पूर्ण बदलू नये.

आणखी एक सूचना तब्येतीची. त्या काळातल्या ब्रेक लायनर, क्लच प्लेट आणि गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास असे. त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात रुतून बसतात आणि त्यातून होणारा कर्करोग अनेकदा वीस ते चाळीस वर्षांनी डोके वर काढतो. ब्रेक ड्रममधली धूळ हवेच्या प्रेशरने उडवणे ही गॅरेजमधली जुनी सवय म्हणूनच धोक्याची. धूळ पाण्याने ओली करून पुसावी आणि फडके पिशवीत बंद करावे. जुन्या रंगात शिसे असू शकते. तो कोरडा घासू नये. साधा कापडी मास्क या तंतूंना अडवत नाही. त्यासाठी सूक्ष्म कण रोखणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो.

भाग झिजणारच, बदलावे लागणारच. बदल थोडा थोडा आणि नोंद ठेवून झाला, तर गाडी आपली ओळख टिकवून पुढच्या पिढीच्या हाती जाते. नोंदच नसेल, तर सगळे भाग मूळचे असूनही ते सिद्ध करायला कुणाकडे पुरावा उरत नाही.